मधुमेह आणि आपला तपासणी अहवाल : ग्राहकांसाठी माहिती

आमच्या प्रयोगशाळेत साखर तपासायला येणारे अनेक जण आधीचे दोन दिवस गोड बंद ठेवतात, रात्री बेताचे जेवतात आणि आकडा चांगला आला की निश्चिंत होतात. तो आकडा खोटा नसतो, परंतु तो त्या सकाळपुरताच असतो, आणि वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या या आजाराची खरी स्थिती एका सकाळच्या आकड्यावरून कळत नाही.

अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींपर्यंत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून ते बाहेरून घ्यावेच लागते. बहुसंख्य रुग्णांमध्ये आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडू लागते. आनुवंशिकता, पोटावरची चरबी, बैठे काम आणि वाढते वय यांचा त्यात मोठा वाटा असतो. केवळ गोड खाल्ल्यामुळे मधुमेह होतो, हा समज अपुरा आहे आणि रुग्णाला विनाकारण अपराधी ठरवणारा आहे.

उपाशीपोटी साखर प्रति डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेहाची शक्यता असते. लक्षणे नसतील तर निदानासाठी चाचणी पुन्हा करावी लागते. एचबीए१सी चाचणी मात्र मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते, कारण तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. हा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक असणे हे मधुमेहाचे निदर्शक मानले जाते. रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त चढवले असल्यास तो फसवा येऊ शकतो, म्हणून तसे आम्हाला अवश्य सांगावे.

वाढलेली साखर दुखत नाही, हाच मोठा धोका आहे. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, हृदय आणि नसा यांची हानी होत असताना रुग्णाला काहीच जाणवत नाही. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला चपलेत शिरलेला खडा दिवसभर कळत नाही आणि संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसते. म्हणून रोज तळपाय पाहावेत, आणि डोळ्यांची व लघवीतील प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा करावी.

डॉक्टरांनी दिलेले औषध, बेताचा आहार, आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, रक्तदाबावर लक्ष आणि तंबाखू पूर्ण बंद, यांपैकी एकाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही. घरी ग्लुकोमीटर वापरताना हात धुऊन कोरडे करावेत. नुकतेच फळ सोललेल्या बोटावरून घेतलेला थेंब साखर बरीच जास्त दाखवतो.

उपाशीपोटी चाचणीला येताना सकाळचे औषध केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांना आधी विचारावे. रांगेत बसलेले असताना थरथर, घाम किंवा घाबरल्यासारखे वाटल्यास ताबडतोब आमच्या कर्मचाऱ्यांना सांगावे. साखर ७० च्या खाली गेली असेल तर आम्ही आधी साखरेचे पाणी देऊ आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजू. चाचणी दुसऱ्या दिवशीही करता येते.