पागडी: ना भाडं, ना विक्री

गिरगाव-लालबागमधल्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बैठक भरली की पहिला तास एकाच वादात जातो. भाडेकरू म्हणतो, मी पागडी, म्हणजे खोली घेताना एकरकमी रक्कम, मोजलीय. मालक म्हणतो, पावती भाड्याची आहे. खोटं दोघंही बोलत नसतात.

मुंबईत भाडेनियंत्रण १९१८ पासूनचं. आजचा गुंता मात्र १९४७ च्या कायद्याचा. त्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं टिकला. मालकाला दुरुस्ती परवडेना, म्हणून १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा वेगळा कर, लावून ती जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली.

आता पागडी. गोठलेलं भाडं आणि बाजारभाव यांतला फरक एकदम रोखीने वसूल करायचा, हा तिचा साधा हिशेब. १९४७ च्या कायद्यात भाड्याव्यतिरिक्त अशी रक्कम घेणं गुन्हा होता, त्यामुळे पैसा उघड दिला तरी कागदावर यायचा नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने, कलम ५६ अन्वये, तो गुन्हा पुसला. भाडेकरूने हक्क सोडताना मोबदला घ्यावा, मालकाने संमती देताना घ्यावा, दोन्ही कायदेशीर. कुणी किती, हे लिहिलंच नाही. मालकाला त्या रकमेतला साधारण एक तृतीयांश वाटा, हा निव्वळ रिवाज. भाडं वर्षाला चार टक्के वाढणार, तेही मुळातल्या किरकोळ रकमेवर. म्हणजे मालकाची कमाई उरली ती खोलीचा भाडेकरू बदलला तरच. मग गळकं छप्पर कुणी का बघावं? शिवाय भाडेपावती म्हणजे मालकी नव्हे, त्यामुळे अशा खोलीवर गृहकर्ज मिळणं कठीण. घेणाऱ्याला गाठीचाच पैसा ओतावा लागतो. हा व्यवहार मान्य करून त्याचा हिशेब मोकळा सोडणं, ही माझ्या मते या कायद्याची सर्वांत महाग चूक.

मालकांची बाजूही पोकळ नाही. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या बदलानुसार ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादित करता येते आणि भरपाई मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडं पन्नास रुपये, तर भरपाई पाच हजार! त्याविरुद्धचा खटला तीन दशकं रेंगाळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’, म्हणजे समाजहितासाठी सरकारला वाटता येईल अशी संपत्ती, ठरत नाही. शंभरपट भरपाईच्या तरतुदीचा निवाडा मात्र तिथे झाला नाही.

दरम्यान पुनर्विकासात जुन्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट, तेही मालकीचं, असा नियम आला. त्यामुळे पागडीची खोली बघायला येणारं गिऱ्हाईक हल्ली खोलीत कमी आणि जिन्यात लावलेल्या पुनर्विकासाच्या नोटिशीपाशी जास्त वेळ थांबतं.