रक्त काढल्यावरही साखर खर्च होत राहते

समजा, उपाशीपोटी काढलेल्या रक्तात साखर १३२ मिलिग्रॅम आहे (दर १०० मिलिलिटरला). तेच रक्त साध्या नळीत तासभर तसंच राहिलं तर रिपोर्टमध्ये १२३ ते १२५ येऊ शकते. मधुमेहाची रेषा १२६ची. यंत्र चोख आहे, तंत्रज्ञाचीही चूक नाही, तरी निदान हुकलं.

नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खातच राहतात. खोलीच्या तापमानाला दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उकाड्यात त्याहून जास्त. ल्युकेमियासारख्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या असतील तर नळीतली साखर इतकी घसरते की धडधाकट बसलेल्या रुग्णाचा रिपोर्ट बेशुद्ध माणसासारखा दिसतो.

एरवी हा उद्योग मुख्यतः तांबड्या पेशींचा. त्यांच्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग, नसतात. त्यामुळे शरीरभर ऑक्सिजन पोचवणाऱ्या या पेशींना स्वतःसाठी तो वापरता येत नाही. मायटोकाँड्रिया असलेली पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून ३० ते ३२ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) काढते. तांबडी पेशी निव्वळ २ वर भागवते. म्हणूनच तिला साखर सतत लागते.

साखर फोडण्याच्या या कामाला दहा पायऱ्या. ग्लुकोज आत शिरताच पहिल्या पायरीला हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं. आता ते बाहेर पडू शकत नाही. यात एक एटीपी खर्च होतो, तिसऱ्या पायरीला आणखी एक. मग सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे पडतात. सहाव्या पायरीला एनएडी हा मदतनीस रेणू लागतो, सातवीला २ एटीपी हाती येतात, म्हणजे फक्त गुंतवणूक वसूल होते. खरा नफा शेवटच्या, दहाव्या पायरीला: आणखी २. तिथे तयार झालेल्या पायरुव्हेटचं लॅक्टेट करून पेशी वापरलेलं एनएडी परत मिळवते आणि चक्र पुढे चालू राहतं.

साखरेच्या तपासणीसाठी करड्या टोपणाची नळी वापरतात ती यासाठीच. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, शिवाय रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट किंवा ईडीटीए. फ्लोराइड नवव्या पायरीवरचं एनोलेज अडवतं. त्या एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियमच ते फॉस्फेटसह जखडून ठेवतं.

पण नववी पायरी अडवली म्हणून पहिली लगेच थांबत नाही. नफा बंद होतो, लॅक्टेट बनत नाही, एनएडी परत मिळत नाही, मग सहावी पायरी अडते, साठवलेलं एटीपी संपतं आणि तेव्हा कुठे हेक्सोकायनेज उपाशी पडतं. यात तास-दोन तास जातात आणि तेवढा वेळ साखर जवळपास पूर्वीच्याच वेगाने घटत राहते. ‘फ्लोराइडची नळी आहे, दुपारी पाठवली तरी चालेल’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा. त्यानंतर मात्र आकडा बराच स्थिर राहतो.

नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी, नाहीतर फ्लोराइड नीट मिसळत नाही. जोरात हलवली तर पेशी फुटतात. मग नळी लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव, वेगळा करणं उत्तम. घरोघरी नमुने गोळा करताना हे क्वचितच जमतं. त्यावर सायट्रेट मिसळलेल्या नळ्या हा जास्त चांगला उपाय. सायट्रेटमुळे रक्त आम्लधर्मी होतं आणि हेक्सोकायनेज लगेच थंडावतं, म्हणजे दार पहिल्याच पायरीला बंद. अशा नळ्या अजून सगळीकडे मिळत नाहीत.

पोटॅशियमच्या तपासणीसाठी मात्र नळी वेगळीच हवी. ऑक्झलेटच्या नळीत पोटॅशियम आधीच घातलेलं असतं. शिवाय न वेगळं केलेलं रक्त थंड ठेवलं की तांबड्या पेशींचे सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतात, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा चढतो. साखरेला बर्फ हवा, पोटॅशियमला तो नको.