आभाळ निरभ्र, तरी चंद्रभागेला पूर

पंढरपूरच्या वाळवंटातील मंदिरांना पाणी लागल्याची बातमी येते तेव्हा सोलापुरात पुष्कळदा लख्ख ऊन असते, आणि ‘उजनीतून पाणी सोडले’ एवढ्या एका वाक्यात कारण सांगून विषय संपवला जातो. हे कारण अपुरे आहे.

भीमाशंकरला उगम पावून ८६१ किलोमीटर वाहत जाणारी आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळणारी भीमा, म्हणजेच पंढरपूरची चंद्रभागा, आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरून आणते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा आणि घोड यांचे पाणी उजनीच्या जलाशयात जमा होते. मात्र भाटघर आणि वीर धरणांकडून येणारी नीरा उजनीच्या खाली, नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्यामुळे पंढरपूरचा पूर किती मोठा होईल, हे या दोन्ही नद्यांची उच्चांकी पातळी संगमावर एकाच वेळी पोहोचते की मागेपुढे, यावर ठरते.

येथे नदीचा एक विलक्षण गुण समजून घ्यावा लागतो. पुराची लाट पाण्यापेक्षा वेगाने पुढे जाते. रुंद पात्रात खोली वाढली की तळाच्या घर्षणाचा प्रभाव कमी होतो आणि वेग साधारणपणे खोलीच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. प्रवाह म्हणजे खोली गुणिले वेग, म्हणून तो पाच-तृतीयांश घाताने वाढतो. खोलीतील वाढ किती वेगाने पुढे सरकते, हे खोलीच्या प्रत्येक वाढीमागे प्रवाह किती वाढला यावरून निघते, आणि ते उत्तर पाण्याच्या वेगाच्या सुमारे पाच-तृतीयांश पट येते. पाणी ताशी ५.४ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर पातळीची वाढ ताशी ९ किलोमीटरने सरकेल. ९० किलोमीटरचे अंतर पाणी सुमारे १७ तासांत कापेल, वाढ मात्र १० तासांतच पोहोचेल. अर्थात, घाटाच्या पायऱ्यांवर प्रथम चढणारे पाणी धरणातून नुकतेच सुटलेले नसते; ते नदीत आधीपासून असलेले आणि मागच्या रेट्याने पुढे लोटलेले पाणी असते. प्रत्यक्षात पाणी काठाबाहेर पसरते, त्यामुळे लाट मंदावते आणि तिचा माथा खाली येतो.

नदीची ओटी भरल्यावर पूर ओसरल्याचे सांगितले जाते. श्रद्धेचा आदर राखूनही सांगितले पाहिजे की ओसरण्याचे कारण वर, नरसिंहपूरच्याही पलीकडे, काही तास आधीच घडून गेलेले असते.

धरण पूर अडवते तेही त्यात जागा असेपर्यंतच. १ लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट, प्रवाह २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असली, तरी धरण भरलेले असताना आलेले पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ऑगस्टमध्ये थोडी जागा मोकळी ठेवणे ही उधळपट्टी नव्हे.

सीनेचे गणित याहून निराळे आहे. अहिल्यानगरकडून येणारी ही नदी हत्तरसंग कुडलला भीमेला मिळेपर्यंत स्वतःच्या पाणलोटावरच फुगते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या पुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील गावे वेढली, ती अहिल्यानगर आणि धाराशिवकडे झालेल्या पावसामुळे. सीनाकाठच्या गावकऱ्याने म्हणूनच उजनीच्या आकड्याआधी त्या पावसाची आणि सीना-कोळेगाव धरणाच्या विसर्गाची चौकशी करावी.