'नाव गुप्त राहील' ही ओळ आली कुठून?

नोकरीला लागलं की पॉलिसीची जाडजूड पीडीएफ येते ना, जी आपण न वाचताच ॲक्सेप्ट करतो, त्यात कुठेतरी असतंच की गैरप्रकार दिसला तर कळवा, नाव गुप्त राहील. या ओळीमागे बरीच जुनी भानगड आहे.

१७७७ साली अमेरिकेच्या 'वॉरन' युद्धनौकेवरच्या दहा जणांनी सह्या करून थेट काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कळवलं की आमचे कमोडोर इसेक हॉपकिन्स ब्रिटिश कैद्यांना वाईट वागवतात. हॉपकिन्सची नोकरी गेली, पण त्याने उलट बदनामीची केस ठोकली आणि शॉ आणि मार्व्हन असे दोघं आत गेले (नावं काय, कागदावरच होती). तिथून त्यांनी परत अर्ज केला, तेव्हा ३० जुलै १७७८ ला काँग्रेसने ठराव केला की असलं काही दिसलं तर लगेच कळवणं हे सरकारी सेवेतल्या प्रत्येकाचं कर्तव्यच आहे, वर दोघांचा कोर्टाचा खर्चही उचलला.

ठराव झाला खरा, पण वरच्यांना ऐकायची सवय काही लागली नाही. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर एक ब्रिटिश फेरी पुढचं दार उघडं राहिल्याने उलटली, १९३ माणसं गेली. कॅप्टनच्या जागेवरून ते दार दिसायचंच नाही, म्हणून कंपनीतल्या कॅप्टन लोकांनी आधीच लिहून मागितलं होतं की दार लागलं का ते कळायला दिवा बसवा. साधा दिवा हो! त्यावर ऑफिसातल्या एका साहेबाचा शेरा, की माणूस जागा आणि शुद्धीत आहे का हे कळायलाही दिवा हवाय का? त्या रात्री दार लावणारा खरोखरच केबिनमध्ये झोपला होता. अशा प्रकरणांनंतर १९९८ मध्ये ब्रिटनने बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला.

पीडीएफमधली ती ओळ मात्र मुख्यतः एन्रॉनची देणगी. हिशेबातले घोटाळे उघडे पडून २००१ मध्ये ही अमेरिकन ऊर्जा कंपनी बुडाली, आणि २००२ च्या अमेरिकन कायद्याने लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिट कमिटीला निनावी तक्रारी घ्यायची सोय सक्तीची केली.

आपल्याकडे सत्येंद्र दुबे. हायवेच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल या इंजिनीअरने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलं, तरी पत्र नावासकट खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात लुटीचा प्रकार निघाला, अनेकांना ते आजही पटत नाही. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे गुप्त तक्रारीची सोय झाली, २०१४ मध्ये कायदाही झाला, फक्त तो लागू करायची अधिसूचना वर्षानुवर्षं निघालीच नाही.