तिसऱ्या शेअरची किंमत

गेल्या रविवारी नौपाड्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर अमेरिकेच्या पूर्व भागाचा नकाशा पसरला होता. मी, बायको, सुट्टीला आलेला भाचा आणि शेजारच्या काकू असे चौघे जण ‘शिकागो एक्सप्रेस’ खेळत होतो. हा खेळ 2007 साली ‘वाबॅश कॅननबॉल’ या नावाने निघाला आणि 2009 पासून या नव्या नावाने मिळू लागला. यात फासे नाहीत, पत्ते पिसणे नाही. नशिबाला जागाच ठेवलेली नाही, आणि म्हणूनच मला तो इतका आवडतो.

पूर्व किनाऱ्यावरून चार रेल्वे कंपन्या शिकागोच्या दिशेने रूळ टाकत निघतात. सुरुवातीला 120 डॉलर सगळ्यांत सारखे वाटतात, म्हणजे चौघांत प्रत्येकी 30. आपली पाळी आली की तीनपैकी एकच काम करायचे: एखाद्या कंपनीचा शेअर लिलावाला काढायचा, रूळ वाढवायचे किंवा एखादी जागा विकसित करायची. शेअरसाठी मोजलेले पैसे त्या कंपनीच्या तिजोरीत जातात आणि त्याच पैशातून पुढचे रूळ पडतात. मधूनमधून लाभांश वाटला जातो. कंपनीचे उत्पन्न भागिले विकलेले शेअर, एवढा साधा हिशोब. खेळ संपला की शेअरला काही किंमत नाही. ज्याच्या हातात रोकड जास्त, तो जिंकला.

माझी चूक झाली ती खेळाच्या मध्यावर. लाल कंपनीचे उत्पन्न 12 होते आणि दोनच शेअर विकले गेले होते. एक माझ्याकडे, एक भाच्याकडे. प्रत्येक वाटपात आम्हाला 6-6 मिळत होते. काकूंचा त्या कंपनीत एकही शेअर नव्हता, तरी त्यांनी तिचा तिसरा शेअर लिलावाला काढला आणि 4 ची बोली लावली.

मी मनात गणित केले. आणखी तीन वाटपे होतील असा माझा अंदाज होता. शेअर घेतला तर माझ्याकडे तीनपैकी दोन, म्हणजे दर वाटपाला 8. आत्ता मिळतात 6. वाढ 2 ची, तीन वाटपांत मिळून 6. म्हणून मी 6 वर थांबलो. बायकोचे पैसे दुसऱ्या कंपनीत गुंतले होते, भाच्याच्या हातात 5 उरले होते. काकूंनी 7 म्हटले आणि शेअर त्यांचा झाला.

त्यानंतर काकूंनी मला जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे: “अरे, मी बोली लावली तेव्हाच तो विकला गेला होता. तू नाही तर मी. मग ते आधीचे 6 कशाला धरून बसलास?”

त्यांचे अगदी बरोबर होते. शेअर दुसऱ्याने घेतला की माझे 6 चे 4 होणार हे ठरलेलेच होते. म्हणजे तुलना 8 आणि 6 ची नव्हती, 8 आणि 4 ची होती. दर वाटपाला 4 चा फरक, तीन वाटपांत 12. मला 11 पर्यंत बोली लावायला हरकत नव्हती. मी एक पैसाही खर्च केला नाही आणि तरी माझे दर वाटपाला 2 गेले. बोली न लावण्याचीही किंमत असते, आणि ती कुठेच छापलेली नसते. दोघांच्या व्यवहाराचा फटका किंवा फायदा तिसऱ्याला होतो, त्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. असे परिणाम असलेल्या लिलावात ‘ही वस्तू मला केवढ्याची’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘ती माझ्याकडे न येता दुसऱ्याकडे गेली तर काय’ हेही विचारावे लागते.

काकूंना हे पुस्तकातून कळलेले नाही. त्या गेली कित्येक वर्षे लिलावाची भिशी चालवतात. बारा जणी महिन्याला 1,000 रुपये टाकतात. जिला पैशाची निकड आहे ती म्हणते, मी 1,800 सोडते. तिला 10,200 मिळतात आणि सोडलेले 1,800 बाराही जणींत वाटले जातात, प्रत्येकी 150. तिचे स्वतःचे 150 तिच्याकडेच परत येतात, म्हणून तिचा खरा खर्च 1,650. आणि जी गप्प बसते तिच्या हिश्शाची रक्कम दुसरीच्या बोलीवर ठरते. ज्या बाईने हे दर महिन्याला पाहिले आहे तिला आमचा तिसरा शेअर काय अवघड?

नवा शेअर निघाला की जुन्या भागधारकाचा वाटा घटतो, हा धोका खऱ्या कंपन्यांतही असतो, म्हणून कायद्याने त्यावर इलाज केला आहे. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 62 आहे. कंपनीला नवे शेअर काढायचे असतील तर साधारणपणे ते आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. राइट्स इश्यू म्हणतात तो हाच. खेळात हे संरक्षण मुद्दाम ठेवलेले नाही, आणि खेळाची सगळी धार त्यातच आहे.

भाच्याची चूक माझ्या उलट होती. पहिल्याच लिलावात त्याने 30 पैकी 22 एका शेअरवर लावले. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन या संशोधकांनी बॉस्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर नाण्यांसारख्या वस्तूंनी भरलेल्या बरण्या ठेवल्या आणि त्यांचा लिलाव केला. प्रत्येक बरणीत 8 डॉलरचा ऐवज होता. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज आला 5.13 डॉलर, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच. पण जिंकणारी बोली सरासरी 10.01 डॉलर होती! सरासरी माणूस कमी धरत असला तरी लिलाव सरासरी माणूस जिंकत नाही. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, तो जिंकतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींबद्दल अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी 1971 सालीच हे दाखवले होते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी त्याचे गणित मांडले: शहाणा बोलीदार आपल्या अंदाजापेक्षा मुद्दाम कमी बोलतो. 2020 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना आणि पॉल मिलग्रोम यांना लिलावांवरच्याच कामासाठी मिळाले. भाच्याने वाटपे किती होतील याचा अंदाज फार मोठा धरला होता, बस एवढेच.

आमच्या खिडकीतून ठाणे स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा ऐकू येतो. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन निघालेली गाडी 34 किलोमीटर कापून याच ठाण्यात आली. ती ज्या कंपनीची होती, त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे शेअर मुख्यतः इंग्लंडमध्ये विकले गेले, आणि त्यांवर वर्षाला 5 टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. अशी हमी हातात असेल तर रूळ कुठून गेले, किती खर्च आला, हे तपासण्याची भागधारकाला गरजच उरत नाही. शेअर इंग्लंडमध्ये आणि जोखीम इथल्या रयतेवर, ही वाटणी मला आजही खुपते.

आमच्या टेबलावर हमी कुणालाच नव्हती. काकूंचे 7 डॉलर लाल कंपनीच्या तिजोरीत गेले, त्यातून भाच्याने आणखी दोन इंजिने पटावर मांडून रूळ वाढवले आणि उत्पन्न 12 वरून 15 झाले. तीन वाटपे झाली: 4, 5 आणि 5. काकूंना 7 वर 14 मिळाले. मलाही 14 मिळाले, कारण रूळ त्यांच्याच पैशाने वाढले होते. तो शेअर मी 8 ला घेतला असता तर हातात 28 आले असते, बोली वजा जाता 20. काकू मात्र तोवर हिरव्या कंपनीच्या लाकडी इंजिनावर बोट ठेवून बसल्या होत्या.