पाठीवरची चरबी, पावतीवरची फॅट

आमच्या मामांचा गोठा संगमनेर तालुक्यात. गेल्या थंडीत त्यांची होल्स्टीन संकरित गाय तिसऱ्या वेताला व्याली. व्यायच्या आधी दूध काढणं थांबवून आटवल्यापासून तिचे भलतेच लाड चालले होते. व्यायच्या वेळी अंग असं तुकतुकीत की शेपटीच्या मुळाशी बोटं दाबली तरी हाड लागेना, नुसती मऊ गादी. "ताकद साठवलीये तिनं," मामा म्हणाले. चीक संपला, दूध डेअरीला जायला लागलं आणि दहा-बारा दिवसांनी पावती आली : फॅट ५.१, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.२. एरवी या गाईची फॅट पावणेचारच्या पुढे कधी गेली नव्हती. मामा अर्धे खूश, अर्धे वैतागलेले. फॅट लागली, पण एसएनएफनं दर मारला. गाय मात्र पेंडीला तोंड लावेना. कडबा चघळायची, रवंथ कमी, आणि पाठीवरची ती गादी दिसामाजी उतरत चाललेली.

डॉक्टर आले, त्यांनी आधी पावती मागितली. ती बघून म्हणाले, "मामा, ही फॅट वैरणीची नाही. गाईच्या पाठीची आहे."

त्या एका वाक्यामागे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचं संशोधन आहे.

आधी हिशेब मांडू. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कास बनवते ती ग्लुकोजपासून. एक लिटर दुधामागे गाईला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. मामांची गाय तेव्हा २४ लिटर देत होती, म्हणजे दिवसाला १.७ किलोच्या आसपास. आणि तिच्या अंगातल्या तीस-पस्तीस लिटर रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं ते सगळं मिळून वीसेक ग्रॅम. चहात चार-पाच चमचे साखर घालणारे लोक आहेत, तेवढंच.

बरं, हे ग्लुकोज चाऱ्यातून थेट मिळत नाही. आपण भात खाल्ला की पिष्टाचं ग्लुकोज होऊन आतड्यातून रक्तात उतरतं. गाईच्या बाबतीत मध्येच कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, आडवं येतं. तिथले अब्जावधी जिवाणू चारा आंबवतात, जवळजवळ सगळी साखर स्वतः खातात आणि गाईच्या वाट्याला ठेवतात ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं. त्यातलं प्रोपिओनेट यकृतात जातं आणि यकृत त्यापासून ग्लुकोज घडवतं. जवळजवळ कणन् कण असा यकृतात घडवावा लागतो. व्यायलेल्या गाईला आपण कौतुकानं गूळ खाऊ घालतो, त्यालाही याच वाटेनं जावं लागतं. तो गोड म्हणून रक्तात पोचत नाही, आणि जास्त झाला तर कोटीपोटात आंबटपणा वाढवून उलट खाणंच बंद पाडतो.

खरी अडचण वेळेची आहे. दुधाचा कळस व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत येतो. गाईची भूक मात्र पुरती खुलायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात आवक कमी आणि जावक जास्त, अशी कोणत्याही दुकानाची चालत नाही ती परिस्थिती गाय दोन महिने रेटते. कशावर? पाठीवरच्या चरबीवर.

यात चकवणारी गोष्ट अशी, की गाय उपाशी पडली म्हणून चरबी वितळते, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं. चरबी मोडायची तयारी शरीर व्यायच्या आधीपासूनच करू लागतं, समोर गव्हाण भरलेली असली तरी. १९८० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेल बाउमन आणि ब्रूस करी यांनी या प्रकाराला 'होमिओऱ्हेसिस' असा शब्द वापरला. शरीर रक्तातली साखर, तापमान वगैरे ठरावीक पातळीवर धरून ठेवतं, तो होमिओस्टॅसिस. इथे धरून ठेवणं नाही, प्रवाह वळवणं आहे. पाटकऱ्यानं चार दारं बंद करून सगळं पाणी एकाच वावरात सोडावं, तसं सगळं शरीर काही आठवड्यांसाठी कासेकडे वळवलं जातं.

ही दारं बंद कशी होतात, ते पाहण्यासारखं आहे. व्यायच्या सुमारास इन्सुलिन घसरतं. शिवाय स्नायू आणि चरबी त्याचं फारसं ऐकेनाशी होतात. माणसात याला आपण मधुमेहाची पायरी म्हणू. गाईत ती दूध देण्याची सोय आहे. कारण कासेतल्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. बाकीच्यांची तोंडं मिटली की ग्लुकोज आपोआप कासेच्या वाट्याला येतं. त्याच वेळी वाढीचं संप्रेरक, ग्रोथ हॉर्मोन, वर चढतं. एरवी यकृत त्याला प्रतिसाद म्हणून 'आयजीएफ-१' नावाचं दुसरं संप्रेरक सोडतं आणि ते मेंदूला सांगतं की आता पुरे. व्यायलेल्या गाईचं यकृत या काळात ग्रोथ हॉर्मोनला जवळपास बहिरं होतं. 'पुरे' म्हणणारं कोणी उरत नाही, आणि ते मोकाट सुटलेलं हॉर्मोन चरबीच्या पेशींना रिकामं व्हायला लावतं.

संशोधक हे प्रत्यक्ष बघतात. शेपटीच्या मुळाशी भूल देऊन चरबीचा छोटा तुकडा काढायचा, काचेच्या भांड्यात ठेवायचा, त्यावर ॲड्रेनालिनच्या जातीचं औषध टाकायचं आणि किती ग्लिसरॉल बाहेर पडतं ते मोजायचं. चरबीचा एक रेणू मोडला की तीन स्निग्धाम्लं आणि एक ग्लिसरॉल सुटतं, त्यामुळे ग्लिसरॉल मोजलं की मोडतोड मोजली. गाभण गाईच्या तुकड्यापेक्षा व्यायलेल्या गाईचा तुकडा त्याच औषधाला कितीतरी जोरात प्रतिसाद देतो.

ग्रोथ हॉर्मोनचा आणि दुधाचा संबंध तर त्याहून जुना. १९३७ मध्येच सोव्हिएत रशियात असिमोव्ह आणि क्राउझे यांनी शेकडो गाईंना हे हॉर्मोन जिथे बनतं त्या मेंदूतळाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून दूध वाढवून दाखवलं होतं. महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये दुधाच्या टंचाईवर हा उपाय अजमावायचा विचार झाला, पण कत्तलखान्यांतून तेवढ्या ग्रंथी मिळणंच शक्य नव्हतं. पुढे जिवाणूंकडून हे हॉर्मोन बनवून घेता आलं आणि १९९४ पासून अमेरिकेत ते विकलं जाऊ लागलं. युरोपीय संघ आणि कॅनडानं त्याला दार उघडलं नाही. तो वाद वेगळा.

आता मामांची पावती. चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लं रक्तातून थेट कासेत पोचतात आणि दुधाच्या फॅटमध्ये मिसळतात. एरवी दुधातली निम्म्याच्या आसपास स्निग्धाम्लं कास स्वतः बनवते, ॲसिटेटपासून, ती कार्बनच्या आखूड ते मध्यम साखळीची. पाठीवरून आलेली लांब साखळीची असतात आणि त्यांत ओलेइक आम्ल भरपूर. हे आम्ल दुधात अचानक वाढलेलं दिसलं, की गाय अंगावरचं खर्चतेय हे प्रयोगशाळेला गाईकडे न बघता कळतं. दुसरीकडे ऊर्जा कमी पडल्यामुळे दुधातलं प्रथिन उतरतं, म्हणून एसएनएफ पडते. फॅटला प्रथिनानं भागलं आणि उत्तर १.४-१.५ च्या पुढे गेलं तर पशुवैद्यकाच्या मनात पाल चुकचुकते. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ या आकड्यांवर दर ठरणाऱ्या आपल्या व्यवस्थेत मात्र वाढलेल्या फॅटची तक्रार कोण करणार?

सुटलेली सगळी स्निग्धाम्लं कासेत जात नाहीत. मोठा वाटा यकृतात येतो, आणि गाईचं यकृत आलेली चरबी परत बाहेर पाठवण्यात मुळातच कच्चं. मग दोन गोष्टी होतात. काही चरबी तिथेच साठते. काही जळते, पण पुरती नाही. पूर्ण जळायला ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा एक रेणू लागतो आणि तो तर यकृतानं ग्लुकोज घडवायला उचललेला असतो. अर्धवट जळालेल्या चरबीचे जे तुकडे उरतात ते कीटोन. थोडे असले तर स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतात. रक्तात प्रति लिटर १.२ मिलिमोलच्या पुढे गेले की छुपा किटोसिस धरतात. आपल्याकडचे पशुवैद्यक त्याला कितनबाधाही म्हणतात. गाईच्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतो. मामांच्या गाईला येत होता. मला आला, मामांना नाही. हा वास सगळ्यांच्या नाकाला लागत नाही म्हणे.

आणि गुबगुबीत गाईचं काय? साठा जास्त तर धोका कमी, असं आपलं साधं गणित. गाईच्या शरीराचं गणित उलटं निघतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ मध्ये त्याचं जनुक उंदरात शोधलं. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त, आणि मेंदूला निरोप : पोट भरलंय. जाड होऊन व्यायलेली गाय म्हणून कमी खाते, खड्डा मोठा पडतो, चरबी जोरात सुटते, यकृत तुंबतं, भूक आणखी मरते. म्हणूनच अंगावरची चरबी जोखणाऱ्या एक ते पाचच्या शरीरगुणांकात व्यायच्या वेळी गाय तीन-सव्वातीनवर असावी असं आता सांगतात. मामांची गाय चारच्या पुढे होती.

चरबीच्या आड एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे स्नायू. चरबीपासून ग्लुकोज बनत नाही, ग्लिसरॉलचा थोडा हातभार सोडला तर. प्रथिनापासून बनतं. त्यामुळे गाय सुरुवातीला पाठीचे आणि मांड्यांचे स्नायूही मोडते, अमिनो आम्लं काही दुधात, काही यकृतात. अल्ट्रासाउंडनं पाठीचा स्नायू मोजला तर तो पातळ होताना दिसतो. पहिलारूचे हाल जास्त, कारण ती स्वतःच अजून वाढतेय. आयजीएफ-१ हे स्नायूंच्या वाढीचंही संप्रेरक, आणि तेच नेमकं तळाला गेलेलं. तिची स्वतःची वाढ त्या आठवड्यांत खोळंबते. पहिल्या वेताला गाय 'बसली', खुरटली असं लोक म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हा हिशेब असतो.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे सगळं फारसं भेटलं नाही. खिलार गाय वासरापुरतं दूध द्यायची. तिच्या यकृतावर दिवसाला दीड-दोन किलो ग्लुकोजचा बोजा कधी पडलाच नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केली, गोठवलेल्या वीर्याच्या कृत्रिम रेतनातून संकरित गाई गावोगाव गेल्या. दूध वाढलं, घरं उभी राहिली. त्या दुधामागचं चयापचय मात्र रेतनाच्या कांडीबरोबर समजावून द्यायचं राहिलं.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पाच दिवस पाजायला प्रॉपिलीन ग्लायकॉलची बाटली. काही कोटीपोटात प्रोपिओनेट होतं, काही तसंच यकृताला पोचतं, दोन्ही वाटा ग्लुकोजकडेच जातात. दुकानदारानं बायपास फॅटची, म्हणजे कोटीपोटात न विरघळता पुढे जाणाऱ्या चरबीची, पिशवी पुढे केली होती, ती डॉक्टरांनी तेव्हापुरती परत पाठवली. ज्या यकृतात चरबी मावेनाशी झालीय, त्याला आणखी चरबी कशाला?

सव्वादोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा गाय २६ लिटरवर होती. कमरेची हाडं नीट दिसत होती, डोळ्यांत तजेला. मामांनी पावती पुढे केली : ३.७ आणि ८.५.

"फॅट पडली की रे," ते कुरकुरले. गाईनं गव्हाणीतून डोकं वर काढलं नाही.