समुद्राची कामं घरात कोण करणार?

१८४६ च्या शरद ऋतूत अ‍ॅना थिन या बाईंना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, टॉर्कीला, खडकाला धरून वाढलेली छोटी प्रवाळं दिसली. ती जिवंत लंडनला न्यायची असं त्यांनी ठरवलं. वाटेत आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचली, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवली आणि वेस्टमिन्स्टरच्या आपल्या घरी आणली. लंडनमध्ये ताजं समुद्राचं पाणी कुठून आणायचं? ते अपुरं पडू लागलं तेव्हा घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. चहा गार करताना आपण कपातून कपात वर-खाली करतो, अगदी तसं. प्रवाळं तगली, त्यांना पिल्लंही झाली.

ती मोलकरीण लाटेचं काम करत होती. फेसाळत फुटणारी लाट पाण्यात हवा मिसळते; इथे लाट नव्हती, म्हणून दोन हात होते.

घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळं आणि मासे एकत्र सांभाळायचे, याला हौशी मंडळी रीफ टँक म्हणतात. आजचा असा टँक पाहिला की यंत्रांची गर्दीच डोळ्यांत भरते. पंप, स्किमर, निळसर दिवे, चिलर, थेंबथेंब रसायन सोडणाऱ्या नळ्या. पण प्रत्येक यंत्रासमोर एकच प्रश्न विचारून पाहावा: हे समुद्राचं कोणतं काम करतंय? मग सगळं उलगडत जातं. समुद्र त्याच्या अवाढव्यपणामुळे कितीतरी गोष्टी सहज पेलतो. दोनशे लिटर पाण्याला ते बळ नाही.

साधं बाष्पीभवन घ्या. उन्हाळ्यात अशा टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडून जातं. मीठ मात्र उडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळांना हा आकडा रोज तोच लागतो. म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरून काढायचं. नवखे लोक खारं पाणी घालतात आणि टाकी दिवसेंदिवस जास्त खारट होत जाते. हे गोडं पाणीही नळाचं चालत नाही, कारण त्यातले फॉस्फेट आणि तांब्याचे अंश साचत राहतात. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रावर विसंबू नये. चवीसाठी त्यांतली बरीच यंत्रं थोडं मूळ पाणी परत मिसळतात. रीफ टँकसाठी आरओच्या पुढे क्षार काढून टाकणारा आणखी एक टप्पा, डीआय, लावावा लागतो.

माशांच्या बाबतीत पहिली अडचण अमोनियाची. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकतो. समुद्रात तो क्षणात विरळ होतो, टाकीत साठतो. खाऱ्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी भाग इथे गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त असतो. त्याचा बंदोबस्त करतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. विरजण लावल्यावर दह्याला वेळ द्यावा लागतो, तसंच हे.

हे विरजण म्हणजे समुद्रातला सच्छिद्र, जीवांनी भरलेला खडक, लाइव्ह रॉक. त्याची महती जगाला कळली ती जकार्तामुळे. तिथले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. प्रवाळभित्तीवरचे जिवंत खडक, समुद्राचं पाणी, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, बस्स. खडकाच्या पृष्ठभागावर एक प्रकारचे जिवाणू, आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, नायट्रेटचं पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे दुसरे. एका दगडात अख्खा सफाई विभाग! युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी नक्कल करून पाहिली तेव्हा बहुतेकांना अपयश आलं. प्रवासात खडकावरचे जीव मरत आणि दारात समुद्र नि डोक्यावर विषुववृत्तावरचं ऊन नसे. पुढे बर्लिनमधल्या हौशी लोकांनी लाइव्ह रॉकला प्रखर दिवे आणि स्किमर यांची जोड दिली, तेव्हा कुठे कठीण प्रवाळं घरात नीट वाढू लागली. स्किमर म्हणजे किनाऱ्यावरचा फेसच. बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनं चिकटतात, फेस वर चढतो आणि कुजून अमोनिया व्हायच्या आतच घाण एका पेल्यात जमा होते. पावसाळी समुद्राच्या कडेला साचलेला पिवळट फेस ज्याने पाहिलाय, त्याला हे यंत्र वेगळं समजावून सांगायला नको.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं आठवतं. ते भूमध्य समुद्रातल्या अंधुक उजेडातलं, निराळ्या कुळातलं. रीफ टँकमधलं प्रवाळ म्हणजे इवल्या पॉलिपांची वसाहत. प्रत्येक पॉलिप एक प्राणी: एक तोंड, भोवती डंख मारणाऱ्या शुंडिका आणि पायाखाली स्वतःच रचलेलं चुन्याचं घर. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहतात. ते उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पॉलिपची टाकाऊ द्रव्यं त्यांना खत म्हणून मिळतात. पोषकद्रव्यं जवळपास नसलेल्या निळ्याशार पाण्यात जीवसृष्टीची एवढी दाटी कशी, या कोड्याचा मोठा उलगडा या भागीदारीत आहे. पाणी फार तापलं की ती मोडते, शैवाल बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद घरातलं पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं, आणि टाकीला २४ ते २७ हवं. पुण्यात पंख्याच्या वाऱ्याने बाष्पीभवन वाढवून थोडं भागतं. मुंबईच्या दमट हवेत ते नीट होत नाही, तिथे चिलरच लागतो.

आता चुन्याबद्दल, कारण रीफ टँकचा खरा जीव इथे आहे, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. पॉलिप आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा करतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातलं अवघं २० मिलिग्रॅम, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी, सांगाड्यात गेलं तर काय बिघडलं? कॅल्शियमचं काहीच नाही. पण त्याच वेळी पाण्याची अल्कलिनिटी, मुख्यतः बायकार्बोनेटचा साठा, जर्मन अंशांत मोजला तर २.८ ने उतरतो. मुळात तो असतो सात-आठ. म्हणजे वाळूचा ढीग जसाच्या तसा आणि सिमेंटची गोणी एक तृतीयांशाहून अधिक रिकामी! म्हणून अनुभवी माणूस कॅल्शियमच्या आधी अल्कलिनिटी मोजतो.

भरगच्च वाढलेल्या टाकीत हा साठा दिवसाला एक अंशाने सहज खाली येतो. दोनशे लिटरला ते साडेतीन ग्रॅम चुनखडी झाली. महिन्याला शंभर ग्रॅमहून जास्त दगड, डोळ्यांसमोर, दिवाणखान्यात तयार होतोय. तेवढी भरपाई करायला रोज साधारण सहा ग्रॅम खायचा सोडा आणि जोडीला कॅल्शियम क्लोराइड लागतं. त्याहून जुना उपाय जर्मन भाषेतल्या ‘काल्कवासर’ या नावाने ओळखला जातो. पेटर विल्केन्स यांनी तो रीफ टँकमध्ये रूढ केला. नाव परकं, वस्तू आपल्या ओळखीची: चुन्याची निवळी. शाळेत नळीने फुंकर मारून आपण जी दुधाळ करायचो तीच. तिच्यातला चुना कॅल्शियमही देतो आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडला धरून बायकार्बोनेटही करतो. फक्त तिचा सामू बाराच्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने सोडायची, शक्यतो रात्री.

रात्रीच का? दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि सामू चढतो. दिवे मालवल्यावर सगळेच नुसता श्वास घेतात आणि सामू उतरतो. समुद्रात हा चढउतार फार कमी, टाकीत चांगलाच जाणवणारा. दारं-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत दहा पाहुणे गप्पा मारत बसले, तरी त्यांच्या उच्छ्वासाचा परिणाम टाकीच्या मीटरवर दिसतो. अ‍ॅना थिन यांची उघडी खिडकी आठवावी.

उजेडाबद्दल थोडक्यात. पाणी लाल किरण आधी शोषतं, निळे खोलवर जातात. म्हणून टाकीवरचे दिवे निळ्याकडे झुकलेले असतात. त्या प्रकाशात प्रवाळं हिरवी, नारिंगी चमकतात ती त्यांच्यातल्या प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं लाल प्रथिन मात्र डिस्कोसोमा या प्रवाळांच्या जवळच्या नातलगातलं. मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये जाहीर केलं, आणि त्यांना ते मिळालं मत्स्यालयांतल्या जीवांमध्ये. हौसेच्या टाकीने विज्ञानाला दिलेली ही मोठी भेट आहे.

मासे थोडे ठेवावेत. क्लाउनफिशची जोडी सर्वांत सोयीची. त्यांच्यात सगळ्यात मोठा मासा मादी असतो. ती मेली की तिचा नर स्वतः मादी होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रांत क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं काही कारण उरत नाही. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडत आले आहेत. त्यात मासाही होरपळतो आणि प्रवाळही. नवा मासा थेट टाकीत सोडू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांना मारतं. मग सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवायचे आणि मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवायची, एवढाच मार्ग राहतो.

एक इशारा मनापासून द्यायचा आहे. बटणांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या पॅलिथोआ जातीच्या जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं केलं. माउई बेटावरचे लोक किनाऱ्यावरच्या एका डबक्यातल्या ‘शेवाळा’ने भाल्याची टोकं विषारी करत, अशी तिथली आख्यायिका होती. टाकीतला खडक साफ करायला उकळत्या पाण्यात घालणं म्हणजे ते विष वाफेबरोबर नाकात घेणं. असे अपघात झाले आहेत आणि घरातली सगळी माणसं एकाच वेळी आजारी पडली आहेत. हातमोजे, चष्मा, आणि उकळणं अजिबात नाही.

आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणण्याचा विचारही नको. २००१ पासून प्रवाळभित्ती बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. परदेशातून आणलेल्या जिवंत प्रवाळांनाही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे परवाने लागतात. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळं आहेत, विजयदुर्गपासून खोल समुद्रात आंग्रिया बँकेवर आहेत, आणि मुंबईतही आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मी वर दिलेले आकडे घेऊन कुणी त्या गढूळ पाण्यापाशी उभा राहिला तर इथे प्रवाळ जगणार नाही असंच म्हणेल. त्या जातींनी ते पाणी आपलंसं केलंय.

राहिलं समुद्राचं एक काम, आणि ते खरं तर चंद्राचं. अनेक प्रवाळं वर्षातून एकदाच, ठरावीक पौर्णिमेनंतरच्या रात्री, एकाच वेळी बीजं सोडतात. टाकीत त्यांना पौर्णिमा कोण सांगणार? लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तीवरचं वर्षभराचं तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राच्या कला संगणकाकडून टाकीवर हुबेहूब घडवून आणल्या. २०१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की बंद टाकीतली प्रवाळं ठरल्या वेळी बीजं सोडतात. याच तंत्राच्या मदतीने २०१९ मध्ये फ्लोरिडात नामशेष होत चाललेल्या खांब-प्रवाळांची बीजं प्रयोगशाळेत मिळाली. अ‍ॅना थिन यांचं घर त्याच लंडनमधलं, काळ मात्र त्याआधी सुमारे १७० वर्षांचा. बीजांची गुलाबी गाठोडी पृष्ठभागावर येतात, पण एका वसाहतीचं गाठोडं दुसरीच्या गाठोड्याशी भिडवणारी लाट आजही त्या टाकीत नाही. म्हणून अंधारात माणसं ती टिपून घेतात आणि भांड्यातल्या पाण्यात स्वतःच्या हाताने मिसळतात.